पहिल्या पाटावरचा नकार

५ ऑक्टोबर, राळेगाव
फवारणीच्या विषबाधेबाबत चौकशी पथक १२ तारखेस येणार. पथकासाठीचे इंग्रजी टिपण आमच्या कृषी कार्यालयाच्या साहेबांनी माझ्याकडे सोपवले. ‘बी.कॉम.चं इंग्रजी कामी येऊ द्या, बाबू.’ हसले. मला हसू आले नाही. फवारणाऱ्यांना वाटायचे मास्क मिळाल्याच्या पोचपावतीवर आद्याक्षरे माझी आहेत. माल येण्यापूर्वी सही करून ठेवण्याची आमच्याकडे रीत. खोके आजतागायत आलेले नाही.

६ ऑक्टोबर
शेजारच्या पंचफुलाबाई दारात. नवरा विठोबा कपाशीवर फवारून आला तो दवाखान्यातच; नजर गेल्यासारखी.
‘भाऊ, तुमच्या हापिसात मास्क आलते म्हंते. मंग यायले काहून नाही देल्ले?’
‘चौकशी सुरू आहे.’
‘चौकशीनं दिसन का त्यायले?’


७ ऑक्टोबर
मसुदा. सरळ वाक्यरचनेत ‘मास्क वाटले नाहीत’ हे परिच्छेदात बुडून जाते. म्हणून उलटवले, नकार अग्रभागी, साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी: ‘नॉट अ सिंगल मास्क डिड धिस ऑफिस डिस्ट्रिब्यूट.’ एकही मास्क या कार्यालयाने वाटलेला नाही. शाळेत गुरुजी सांगत, जे ठसवायचे त्याला पंगतीत पहिल्या पाटावर बसवा. पहिला अडकणार तो मीच.
साहेबांची लाल पेन्सिल. ‘एवढं ठासून कायले सांगता? पोचपावती आहे न आपल्याजवळ. वाटप झालं, असं लिहा.’

९ ऑक्टोबर
शुद्ध प्रत टंकलिखित केली. वाक्य होते तसेच ठेवले. कोपऱ्यात आद्याक्षरे. ती पाहून साहेबांनी न वाचता सही केली. त्या पोचपावतीवर मीही अशीच केली होती.
‘बदललं न?’
होय म्हणून मान हलवली. एकतीस वर्षांच्या नोकरीत साहेबांशी पहिले खोटे.
जेवण गेले नाही. सौ.ला सर्व सांगितले.
‘नोकरी गेली तं?’
आणि ताट उचलताना, ‘विठोबा भाऊजींनं आज पंचफुलाचा हात ओळखला म्हंते. तोंड नाही.’

११ ऑक्टोबर
पथक उद्या सकाळी अकरा वाजता. प्रत कपाटात आहे. एक पान बदलण्यास दहा मिनिटे पुरतात.
निघताना साहेब म्हणाले, टिपण पथकासमोर स्वतः उभे राहून वाचणार. इंग्रजी वाचताना ते प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द मोठ्याने उच्चारतात.
कार्यालय दहाला उघडते. कपाटाची किल्ली माझ्या खिशात आहे.