टंगस्टन वितळणारच

१ एप्रिल १९७३, रविवार
कॉलेजात फिजिक्स शिकवण्याचा वीट आला. पोरं वर्गात झोपतात, प्राचार्य मीटिंगमध्ये. निर्णय : घरीच इलेक्ट्रॉन बीमची भट्टी उभारायची. घंटेच्या आकाराच्या काचेच्या भांड्यातली हवा उपसायची. आत तार तापवायची, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. काही हजार व्होल्टनं ते ओढायचे आणि कॉइलनं एका ठिपक्यावर आणायचे. त्या ठिपक्यावर टंगस्टनसुद्धा वितळतं. सोलापुरात आजवर फक्त माणसं वितळली आहेत.
लीलाला समजावलं. म्हणाली, एवढ्या उन्हात आणखी भट्टी कशाला? बी.ए. झालेल्या बायकोनं हे विचारावं! शी.

५ एप्रिल
कॉलेजच्या अडगळीतून हवा उपसायचा पंप मिळाला. प्राचार्य म्हणाले, न्या न्या, परत आणू नका. केवढा विश्वास! भंगार बाजारात जुन्या एक्स-रे मशीनचा ट्रान्सफॉर्मर. दोन्ही ठेवायला स्वयंपाकघर घेतलं. लीला गॅलरीत स्टोव्ह पेटवते. तिथं वारा येतो, तिला बरंच.

१२ एप्रिल
पंपाला सतत गार पाणी फिरवावं लागतं, नाहीतर आतलं तेल जळतं. दुष्काळामुळं नळ एक दिवसाआड, तोही करंगळीएवढा. रांजणातलं घेतलं. लीला म्हणाली, आता प्यायला काय देऊ, इलेक्ट्रॉन? विनोद बरा होता, वेळ चुकीची. पंपातून आलेलं पाणी भांड्यांना चालेल असं सुचवलं. वर थोडं तेल तरंगत होतं, इतकंच. तिनं रिकामी घागर माझ्यासमोर ठेवली.
उद्यापासून पाणी मी भरणार.

१३ एप्रिल
उठायला उशीर झाला. नळ गेला होता. महापालिकेची किळस येते.

१९ एप्रिल
स्विच दाबला आणि सगळ्या घराचा फ्यूज उडाला. खाली घरमालकीण पार्वतम्मांचे माग बंद पडले. वर आल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमी काय वितळवता ते वितळवा, माझं पोट वितळवू नका की." ही यांची दृष्टी! चादरीपलीकडं जग नाही. फ्यूजला जाड तार घातली.

२८ एप्रिल
यश! घंटेत जांभळा प्रकाश. काय देखणा! लीलाला हाक मारली. ती टँकरच्या रांगेत होती. आयुष्यातला मोठा क्षण, आणि बायको घागर घेऊन उभी.
संध्याकाळी केमिस्ट्रीचा बसवराज आला. विचारतो, सर, टंगस्टन वितळलं का? म्हटलं, आधी प्रकाश बघ. म्हणाला, आत हवा राहिली असेल सर, ट्यूबलाइटसारखं दिसतंय. हेवा! दुसरं काय. पुण्याच्या एका डॉक्टरेटवाल्या संशोधकांना बोलावणं धाडलं. या गावात बघणाऱ्याला डोळे नाहीत.

६ मे, रविवार
लीला सकाळच्या एस.टी.नं माहेरी करमाळ्याला गेली. तिथल्या मुलींच्या शाळेत मुलाखत आहे म्हणे. नीट ऐकलं नाही, कॉइल गुंडाळत होतो. रुसवा आहे, चार दिवसांत येईल. घर शांत. आता खरं काम.

१३ मे, रविवार
पुण्याचे डॉक्टर आले. घरात होतं नव्हतं ते पाणी पंपाला लावलं. स्विच. जांभळा प्रकाश, नेहमीपेक्षा सुंदर. त्यांनी विचारलं, बीम कुठाय? मी बोट दाखवलं. म्हणाले, "यज्ञेश्वरराव, ही नुसती हवा चमकतेय. तुमचे इलेक्ट्रॉन हवेलाच धडकतात, धातूपर्यंत पोचत नाहीत." सांगणार होतो की कॉइल नवीन आहे, पण तेवढ्यात पाणी संपलं. पंपातलं तेल जळालं, रबर करपलं, घंटा तडकली. खोलीभर असा वास की डॉक्टर जिन्यात जाऊन खोकत बसले. प्यायला पाणी मागितलं. नव्हतं. पार्वतम्मांनी तांब्या आणला. जाताना डॉक्टर त्यांना म्हणाले, बाई, एवढ्या व्होल्टनं माणूस मरतो, यांना हे बंद करायला लावा. मला नाही, घरमालकिणीला!
पुण्याची माणसं. थू.

१७ मे
लीला आली नाही. पाणी भरायला रांगेत उभा राहिलो. नंबर यायच्या आत टँकर संपला. मागची बाई म्हणाली, तुमची मालकीण पहाटंच यायची की. पहाटे! मला कुणी सांगितलं नव्हतं.

२० मे, रविवार
करमाळा. लीलाला न्यायला आलो. तिला शाळेत नोकरी लागली आहे, जूनपासून. म्हणालो, विचार कर. म्हणाली, केला. म्हणालो, पंप काढून टाकला. म्हणाली, बरं केलंत. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बोलता आलं असतं.
दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका मथुराबाई घरी आल्या. लीलानं ओळख करून दिली, हे सोलापूरला असतात. बाईंनी विचारलं, काय करतात? लीलानं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, शिकवतात.
मी तोंड उघडलं. संशोधन म्हणावं असं मनात होतं.
हो, शिकवतो, म्हणालो.
बाई म्हणाल्या, छान.