तांबडं वादळ आणि कमलाक्षी

४ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून रोज दहा पानं. काय वाट्टेल ते होवो.

म्हापशाच्या छापखानेवाल्या सखारामने माझी कादंबरी परत पाठवली. म्हणतो, मारामारी फार झाली, वाचक दमतो, थोडं प्रेम घाला. सखारामला साहित्यातलं ओ की ठो कळत नाही. पण छापखाना त्याचा आहे. प्रेम घालणार.

कादंबरीचा नायक दिवसा सुर्लाच्या वजनकाट्यावर खनिजाचे ट्रक मोजणारा साधा कारकून. संध्याकाळी तांबडा मुखवटा चढवला की तोच तांबडं वादळ. दुष्टांचा कर्दनकाळ. तो कोण, कुणालाच माहीत नाही. मीही सुर्लाच्या वजनकाट्यावर कारकून आहे, हा निव्वळ योगायोग.

त्याच दिवशी, दुपार

अर्धं पान झालं. नायक-नायिका नदीकाठी. एवढ्यात बाबली ट्रकवाल्याने माझ्या खुर्चीला लाथ घातली आणि विचारलं, ओ वेंगुर्लेकर, निजलात काय? अंगाचा तिळपापड झाला. अशा माणसाच्या तोंडी कशाला लागा.

नदीकाठी भाबली नावाचा गुंड आणला. तांबड्या वादळाने त्याचे दोन्ही हात खांद्यातून उपटले आणि त्याच हातांनी त्याला बडवला. नायिका तोवर घरी निघून गेली होती.

९ ऑक्टोबर

नायिकेचं नाव कमलनयना ठेवलं. नर्स आहे. आमच्या दवाखान्यातल्या कमलाक्षीशी तिचा काही संबंध नाही. कमलाक्षीने मला एकदाच, पायात खिळा गेला तेव्हा, इंजेक्शन दिलं. सुई कळलीसुद्धा नाही. असा हात मी जन्मात पाहिला नाही.

शेवंतीमावशी, माझी घरमालकीण, म्हणाली की दिवाळीनंतर कमलाक्षीला बघायला पेडण्याकडची माणसं येणार. जेवण गेलं नाही. ठरलं. दिवाळीच्या आत तिला मनातलं कळलं पाहिजे. तोंडाने सांगणार नाही. तोंडाने कोणीही सांगतं.

१३ ऑक्टोबर

प्रेमप्रसंग. 'तिचे डोळे' इथवर आलो. मावशीने शेजारी रेडिओ ठणाणा लावला. तांबड्या वादळाने एका म्हातारीचा रेडिओ तिच्याच टाळक्यात फोडला. मग वाईट वाटलं. मावशी जेवायला घालते. म्हातारीला जिवंत ठेवली, एक दात तेवढा पाडला.

प्रेम उद्या.

१७ ऑक्टोबर

बोटात टाचणी टोचून घेऊन दवाखान्यात गेलो. कमलाक्षीने सगळ्यांसमोर विचारलं, जयरामबाब, वय किती? चौतीस सांगितलं. ती हसली. त्या हसण्यात काहीतरी होतं. तिला संशय आलाय, हा माणूस दिसतो तेवढा साधा नव्हे.

मुखवटा हवा. मावशीने तिच्या जुन्या तांबड्या परकराचा शिवून दिला. ऑफिसच्या कामासाठी, असं सांगितलं. तिने एक अक्षर विचारलं नाही. भोळी बाई.

२४ ऑक्टोबर

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, नरकासुर उभा राहतोय. बांबूचा सांगाडा, आत गवत, वर कागद. घरापेक्षा उंच. नरकचतुर्दशीला पहाटे जाळायचा. दरवर्षी बाबली अंगाला नीळ फासून कृष्ण होतो आणि त्याला मारतो. खनिजाने माखलेला माणूस एक दिवस निळा.

यंदा कृष्णाच्या आधी तांबडं वादळ येईल. एका गुद्द्यात नरकासुर आडवा. कमलाक्षीकडे एक नजर, आणि नाहीसं. मग सकाळी मी तिच्या घरी फोव खायला जाणार. त्या दिवशी कुणीही कुणाकडे पोहे खायला जातो, तोंड लपवायचं कारण नाही. ती म्हणेल, तो कोण असेल हो? मी फक्त हसेन. प्रेमाचं प्रकरण आपोआप लिहून होईल.

नरकचतुर्दशी, सकाळ

डाव्या हाताने लिहितोय. उजवा उचलत नाही.

नरकासुराच्या पायामागून उडी मारली. उडी चांगली होती. मुखवट्याची भोकं कानाकडे सरकली, काही दिसेना. गुद्दा मारला तो बांबूला लागला. बोटं गेली. कोणीतरी बोंबललं, पलीकडल्या वाड्यावरचा आलाय, आमचा नरकासुर आधीच पेटवायला. हा इथला जुना धंदा, दुसऱ्या वाड्याचा राक्षस वेळेआधी जाळून त्यांची नाचक्की करायची.

मग काठ्या. पाठीत, मांडीवर, नडगीवर. बाबलीचं सुदर्शन चक्र पुठ्ठ्याचं असेल असं वाटलं होतं. पत्र्याचं निघालं. कानशिलातून रक्त आलं. एक लाथ बरगडीत. मध्ये जरा थांबले, कुजबुजले आणि पुन्हा सुरू झाले. शेवटी तोंडावर केरसुणी.

मुखवटा काढला असता तर मार थांबला असता. काढला नाही. हूं की चूं केलं नाही. प्राण गेला तरी ओळख देणार नाही, असं माझ्याच पुस्तकात लिहिलंय.

मी पडलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. का, ते कळलं नाही.

त्याच दिवशी, दुपार

आंघोळ झाली. कारीट पायाखाली फोडायचं राहिलं, पाय उचलेना. लंगडत कमलाक्षीकडे गेलो. तिने बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर, बसवलं, जखमा पुसल्या, औषध लावलं. तोच हात. मी प्रश्नाची वाट बघत होतो.

"जयरामभाव," ती म्हणाली, "नवस कसलो?"

तिच्याकडून कळलं, मावशीचा परकर सगळ्या वाड्याने वर्षानुवर्षं दोरीवर वाळताना बघितलेला. दुसऱ्या काठीलाच मला ओळखलं. थांबणार होते, पण मी ओरडेना, मुखवटा सोडेना. मावशी म्हणाली, राक्षस होऊन मार खायचा नवस असेल, अर्धा सोडला तर पावत नाही. मग सगळ्यांनी हातभार लावला. केरसुणी कमलाक्षीची. देवाच्या कामात मागे कशाला राहा, म्हणाली.

आता सांगायला हवं होतं. तोंडानेच.

"लग्नाचा," मी म्हटलं.

तिचा चेहरा फुलला. "पावतलो हां, भाव. माझो पावलो." मुलगा पेडण्याकडच्या पार्सेचा आहे. काजूची बाग आहे. बघायला येणं नुसतं नावाला, दोघांचं आधीच ठरलंय. लग्न तुळशीच्या लग्नानंतर. मला आणखी फोव वाढले. गूळ घातलेले. खाल्ले.

त्याच दिवशी, संध्याकाळ

कादंबरी उघडली. पार्सेच्या माणसाला काजूच्या झाडाला उलटा टांगायला बसलो. टांगता आला नाही. तो बाल्कांवात बसला, कमलनयनेने त्याला फोव वाढले, दोघं बोलत राहिली. दहा पानं झाली. सखारामला आवडतील. तांबडं वादळ त्यांत कुठेच नाही.

आता बाबली येऊन गेला. खुर्चीला लाथ मारली नाही, उभाच राहिला, अदबीने. वाड्याने ठरवलंय, माझा नवस पुरा होईपर्यंत दरवर्षी मलाच बडवायचं. नवस किती वर्षांचा आहे, विचारत होता.

म्हटलं, काही सांगता येत नाही.