एकदाच विचारतात

२७ ऑक्टोबर, सोमवार

नको म्हणाले! मीच. माझ्याच तोंडाने.

एमान डिसेंबरात शाळा सोडतेय, नवऱ्याची बदली दुबईहून अबू धाबीला झाली. म्हणजे लायब्ररीला नवी हेड हवी. आज दुपारी फिलिपा मॅडम स्वतः खाली आल्या. आमच्या व्हाइस प्रिन्सिपल. अस्सल इंग्लिश, शर्टाच्या कॉलरला कधी सुरकुती नाही. माझ्यापुढे मुलांनी परत केलेल्या पुस्तकांचा ढीग. म्हणाल्या, "जॅकलीन, एमानच्या जागेसाठी तुमचा विचार केला तर आवडेल का तुम्हाला?"

आणि मी? याच कपाटांमध्ये केस पिकवलेली मी?

"नो, नो! माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी मिळेल तुम्हाला." वर हसले.

"ओके. स्पष्ट सांगितलंत, थँक यू." आणि गेल्या! जिन्यापर्यंत त्यांच्या बुटांचा आवाज ऐकत राहिले.

मी अजून पुढच्या वाक्याची वाट बघतेय.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज विचारतील असं वाटलं होतं. कॉरिडॉरमध्ये भेटल्या. हसल्या. "हवा आता जरा सहन होण्यासारखी झाली, नाही?"

हवा!

रात्री आईचा फोन. व्हिडिओ कॉल म्हणजे वसईकडच्या आमच्या भुईगावच्या घरातला पंखा दिसतो, आई दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन सतरा नोव्हेंबरला ठरलं. माझा भाऊ टोनी रजा काढून नेणार आहे तिला. मी विचारलं, येऊ का? "नको गं बाय, कशाला? आता तर सुट्टी घेऊन झाली तुझी. तिकिटाला केवढे पैसे. टोनी आहे ना." बरं म्हटलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

जाहिरात लागली. शाळेच्या वेबसाइटवर, आणि मला कळलं गेटवरच्या अबुजरकडून! "मॅडम, आपकी लायब्ररी में व्हेकन्सी है?" त्याच्या बहिणीसाठी विचारत होता.

मेव्ह आली तिच्या तिसरीच्या वर्गाला घेऊन. मेव्ह आयर्लंडची, मेयो नावाच्या परगण्यातली, लाल केस, आवाज मासळी बाजारात शोभेल असा. मुलं पुस्तकांत शिरल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. "काय झालं गं? तोंड का असं?"

सांगितलं सगळं. आधी तिला कळेचना.

"तू नको म्हणालीस. बरं. मग दुसऱ्यांदा नको म्हणालीस तेव्हा ती काय म्हणाली?"

"दुसऱ्यांदा विचारलंच नाही."

मेव्हने कपाळावर हात मारला. आमच्या चुलत्या मारतात अगदी तसा! "एकदा नको? अगं, आमच्यात एकदा नको म्हणजे नुसतं गुड मॉर्निंग!"

तेव्हा आठवलं. ऑगस्टात आईने दिलेली सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, घेऊन आले होते शाळेत. फिलिपा मॅडमपुढे डबा धरला. "नो, थँक यू." झालं, झाकण लावलं. मेव्हपुढे धरला. "अय्या नको, घरच्यांना राहू दे." घे गं. "नको, तू फारच चांगली आहेस, पण नको." घे म्हणते ना! "बरं, एकच." चार खाल्ली, दोन नवऱ्यासाठी रुमालात बांधली. मला त्यात काही वेगळं वाटलंच नव्हतं. आमच्याकडे लग्नात पाहुणा पहिल्या विचारण्यातच हो म्हणाला तर बायका एकमेकींकडे बघतात.

मेव्ह म्हणाली, इंग्लिश माणसाच्या घरी ती पहिल्यांदा गेली तेव्हा चहा नको म्हणाली, आणि संध्याकाळभर तहानलेली बसली. "आणि जॅकी, गंमत बघ. आमच्या सगळ्या देशाने आठशे वर्षं त्यांना नको नको म्हटलं. तेवढं एकच नको त्यांना कधी ऐकू आलं नाही!"

इतकी हसले की मुलांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. लायब्ररीत! मला!

मग वाटलं, आमचंही कुठे ऐकू आलं होतं त्यांना.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

कॅस्मिर, माझा नवरा, फुजैराहून आला. आठवडाभर बंदरावर असतो, शुक्रवारी संध्याकाळी बॅग दारात पडते. जेवताना सांगितलं.

"जाऊ दे ना. आहे ते बरं आहे. हेड झालीस की मीटिंगा, टेन्शन... खलास!"

"मला हवी होती ती जागा."

घास हातातच राहिला त्याचा. "मग मला कधी बोलली नाहीस ते?"

तूसुद्धा इंग्लिशच! असं ओरडले. त्याला कळलं नाही. बेव्हर्ली फोनमधून मान वर न काढता – "मम्मा, व्हाय डिड्न्ट यू जस्ट से येस?" सोळा वर्षांची आहे. दुबईत जन्मली. तिला पिझ्झा हवा असतो तेव्हा ती म्हणते, मला पिझ्झा हवा. मी या वयात पाहुण्यांकडे पाणीसुद्धा आईच्या डोळ्यांकडे बघून मागायची.

कॅस्मिर थोड्या वेळाने, भांडी विसळताना – "आईच्या ऑपरेशनला जातेस का?"

"नको म्हणाली."

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. भुईगावला आज कबरींवर फुलं, मेणबत्त्या. बाबांच्या कबरीवर टोनीने लावली असेल.

चर्चमध्ये मेव्ह भेटली. तिनेही आपल्या मेलेल्यांची नावं पुटपुटली, बराच वेळ. मिस्सा संपल्यावर आम्ही "निघते हं" म्हणालो आणि पार्किंगमध्ये उभ्याच. निघते म्हणून तीनदा किल्ली काढली तिने, तीनदा पर्समध्ये ठेवली. आम्ही भुईगावला निघता निघता कंपाऊंडच्या फाटकात तासभर उभ्या राहतो, अगदी तसं! कॅस्मिर गाडीत घोरायला लागला.

तिथेच विषय निघाला. शाळेच्या गेटवर कुणी तिला इंग्लंडची मॅडम म्हणालं की ही कशी उसळते! "सेम सेम?" अबुजरने विचारलं होतं एकदा. "नॉट सेम सेम!" पूर्ण गेटला ऐकू गेलं. मला बरं वाटतं तिचं ते उसळणं. मला सगळे विचारतात, गोव्याच्या ना? मी वर्षानुवर्षं नुसती हसले. वसई म्हटलं तर – "अच्छा, गोव्याजवळ?"

यापुढे हसणार नाही. नॉट सेम सेम!

पण मेव्हचं सगळंच मला पटत नाही. आज ती म्हणत होती, इंग्लिश माणसं थंड, काळजावर बर्फ. मी तिला वसंतातल्या गोष्टीची आठवण करून दिली. फिलिपा मॅडमचे वडील गेले, त्या लीड्सहून अंत्यविधी करून परतल्या. सगळ्या इंग्लिश टीचर्सनी कार्डं पाठवली आणि लांब राहिल्या. मेव्ह मात्र भलं मोठं मटणाचं भांडं घेऊन त्यांच्या दारात. नको म्हणाल्या. हिने पुन्हा म्हटलं. नको. पुन्हा! शेवटी त्यांनी भांडं घेतलं आणि दार हळूच लावून घेतलं. दोन दिवसांनी रिसेप्शनवर भांडं, लखलखीत घासलेलं, आत आभाराचं कार्ड.

"तिला खरंच नको होतं गं," मी म्हटलं. "तिला एकटीला रडायचं होतं."

मेव्ह म्हणाली, "पण घरात कुणी मेल्यावर एकटं कोण रडतं?"

बाबा गेले तेव्हा घर इतकं भरलेलं होतं की रडायला मला मोरीत जावं लागलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

फिलिपा मॅडमकडे जायची हिंमत झाली नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गेले! दार ठोठावलं, बसले, आणि रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरले.

"मी त्या दिवशी नको म्हटलं. ते खरं नव्हतं. मला ती जागा हवी आहे."

फिलिपा मॅडमनी चष्मा काढला. खरंच गोंधळल्या होत्या. "मग तुम्ही नाही का म्हणालात?"

सांगायचा प्रयत्न केला. की आमच्याकडे लगेच हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. की विचारणारा पुन्हा विचारतो, त्यातून कळतं की त्याला मी खरंच हवी आहे की नुसतं तोंडदेखलं विचारतोय. इंग्रजीत हे सगळं किती वेडगळ वाटतं!

त्या ऐकत होत्या. मग हळू म्हणाल्या, "जॅकलीन, एका शहाण्यासुरत्या बाईने मला नाही म्हणून सांगितलं. मी पुन्हा विचारणं म्हणजे, तुम्हाला तुमचं मन कळत नाही, असं म्हणणं झालं असतं. मी तो अपमान कसा करणार?"

त्यांनी मान राखला होता माझा! आणि मी आठवडाभर त्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

तरी गप्प बसले नाही. म्हणाले, "मॅडम, या शाळेत निम्म्या मुलांच्या आया माझ्यासारख्या आहेत. तुम्ही त्यांना मीटिंगला विचारता, काही अडचण आहे का? त्या नाही म्हणतात. तुम्ही पुढच्या मुलाची फाईल उघडता."

माझे कान तापले होते. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. नोकरी गेली, असंच वाटलं मला.

"अर्जाची मुदत गुरुवारपर्यंत आहे," त्या म्हणाल्या. "बाहेरचे उमेदवार आहेत. तुम्हाला सवलत मिळणार नाही."

"नकोच आहे सवलत."

"हे 'नको' मात्र खरं ना?"

हसल्या की काय! जरासं. डाव्या बाजूने.

५ नोव्हेंबर, बुधवार

अर्ज दिला. कॅस्मिरने फुजैराहून मेसेज केला, नुसता अंगठा. मग मागोमाग – "तू घेच ती जागा." दोनदा सांगायला शिकतोय.

१० नोव्हेंबर, सोमवार

मुलाखत, लायब्ररीतच. समोर चार जण. "तुम्हीच का?"

या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होतं – मान खाली. मोठेपणा करू नये, केळ घडाने वाकलेलीच बरी, आई म्हणायची. मग समोरचं कपाट दिसलं. त्याच्या फळ्या मी स्वतः पुसल्यात, पुस्तकं मी लावलीत, एमान बाळंतपणाच्या रजेवर होती तेव्हा ही लायब्ररी मी एकटीने चालवली.

ते सगळं बोलले. 'मी' ने सुरू होणारी इतकी वाक्यं आयुष्यात सलग बोलले नव्हते. शेवटी – "मला ही जागा हवी आहे, आणि मी तिच्या लायक आहे."

बाहेर आल्यावर निर्लज्ज वाटलं. मग भूक लागली. करामाला, दुबईतल्या आपल्या लोकांच्या वस्तीत, उतरून एकटीने डोसा खाल्ला, शेवटपर्यंत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काही कळलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मिळाली!! जानेवारीपासून मी हेड!

नीट लिहून ठेवते. फिलिपा मॅडम खाली लायब्ररीतच आल्या, त्याच जागी उभ्या राहिल्या. "जॅकलीन, ही जागा तुम्हाला द्यायची आहे. घ्याल?"

"हो."

एकदाच म्हणाले. हसले नाही, अय्या नाही, माझ्यापेक्षा चांगलं कुणी नाही. हो!

"गुड." हात मिळवला. मग दाराकडे वळता वळता – "तुम्हाला आमच्याकडून आणखी काही हवंय?"

"नाही नाही, काही नको."

सवय! जीभ आपणच गेली. आणि तो आवाज माझा नव्हताच. "नको गं बाय, कशाला?" – तो होता. पंखा फिरत होता आणि आई कुठेतरी खाली, दिसत नव्हती. मी एकदा विचारलं होतं. ती एकदा नको म्हणाली. मी म्हटलं, बरं. आणि भाजीला काय केलंस, असा पुढचा प्रश्न विचारला.

कधीपासून मी तिला एकदाच विचारते? बाबांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा – नको येऊ. तिचा पाय मुरगळला – नको येऊ. पंचाहत्तरावा वाढदिवस – कशाला गं. बरं, बरं, बरं. मी तर मान राखला नव्हता तिचा, मला नुसतं सोपं वाटलं होतं!

फिलिपा मॅडम दारापर्यंत पोचल्या होत्या. हाक मारली. मोठ्याने. लायब्ररीत!

"मॅडम! हवंय. मला रजा हवीय. आठवडाभर. उद्यापासून."

त्यांनी कारण विचारलं नाही. नुसतं थांबल्या. मग, मला वाटतं जन्मात पहिल्यांदा, इंग्लंडच्या त्या बाईने तोच प्रश्न पुन्हा केला –

"आठवडा पुरेल? नक्की?"

१५ नोव्हेंबर, शनिवार. भुईगाव

आई दारातच. "कशाला आलीस? नको म्हटलं होतं ना मी!" मनगट धरलं ते सोडेना.

बॅग ठेवायला आतल्या खोलीत गेले. पलंगावर धुतलेली चादर. उशाला दोन उशा – मला लहानपणापासून दोन लागतात. मी येतेय हे टोनीलासुद्धा सांगितलं नव्हतं.