गोळी-औषध

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

माझ्या खोटेपणापायी परवा धीरज मेला असता, म्हणून लिहायला बसले आहे.

दुकानात काउंटरमागे कोसळला. ओठ निळे पडलेले. अल्लीपूरहून वर्ध्याला नेला. डॉक्टरांनी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग वर्षापूर्वीची फाइल उघडली. 'व्यसन : नाही.' अक्षर माझं.

म्हणाले, "मावशी, याला आवाज ऐकू येतात म्हणून मी गोळ्या देत होतो आणि हा त्यावर दारू पीत होता. पुन्हा दोन्ही एकत्र पोटात गेलं तर तुमचा भाऊ उठणार नाही."

मला मान खाली घालायची सवय नाही. घातली.

दारूबंदीचा जिल्हा. भिंतीला भिंत लागून शेजार. बाबांपासूनचं हार्डवेअरचं दुकान, लोक नमस्कार करून जातात. तो शब्द घरात काढायचा नाही हा नियम पाच वर्षांपूर्वी मीच केला. 'औषध' म्हणायचं. आज धीरजने औषध घेतलं का, किती घेतलं – असं. पुढे सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्याचा एवढाच उपयोग झाला!

भरती करा म्हणाले. मी नको म्हटलं, घरी सांभाळीन. मग गोळ्या बदलून दिल्या आणि अट घातली – शनिवार, १२ तारखेपर्यंत रोज लिहायचं. काय घेतलं, किती झोपला, काय ऐकलं. आवाज दारूचे की वेगळ्याच आजाराचे, ते त्याशिवाय कळणार नाही. मध्ये थेंबभर जरी गेली तरी लगेच घेऊन यायचं.

५ एप्रिल, शनिवार

घर उलथंपालथं केलं. टाकीत एक बाटली, तुरीच्या कोठीत दोन, जुन्या रेडिओच्या पोटात एक. मोरीत ओतल्या. सीताबाई भांडी घासता घासता बघत होती. म्हणे, "ताई, तुमी ओतून ओतून थकसान, आणणारे नाई थकत." तिला कामाला लावलं.

सोमवारपासून दुकान मलाच उघडायला हवं. घरी आई. शहाऐंशी वर्षं, डोळ्यांत मोतीबिंदू, पण वेळेची पक्की. घड्याळाच्या टोलावर चालते. तिला बजावलं – दुपारी दोनचं त्याचं गोळी-औषध तुझ्याकडे. एक दिवस चुकवायचं नाही. "चुकत नाई वं," म्हणाली. 

६ एप्रिल, रविवार

सकाळी उठला. पाणी प्यायला. दाराकडे पाहत बसला.

थरथर. घाम. कप धरवत नाही. चादरीवरून मुंग्या झटकतो – मुंग्या नाहीत. झोप दोन तास. आवाज दिवसभर.

७ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी दुकानातून आले तर हात स्थिर! दोन पोळ्या खाल्ल्या. गोळ्या लागू पडल्या.

८ एप्रिल, मंगळवार

आवाज काय म्हणतो ते विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

बाई आहे म्हणाला. पांढरं लुगडं. शिव्या देत नाही, बोलावत नाही, नुसती सांगत राहते – धीरज उठला, धीरजनं पाणी पेलं, धीरज दाराकडं पाहून राह्यला.

मी लिहून घेत होते. त्याने वही ओढली, एक पान मागे उलटलं, रविवारची माझी ओळ बोट ठेवून वाचली. मग माझ्याकडे पाहून हसला.

"ताई, तू बी तं तेच करून राह्यली."

वही मिटली. आज आणखी काही लिहीत नाही.

९ एप्रिल, बुधवार

वास आला. उघड आला. कोणी दिली विचारलं तर "ती" म्हणाला आणि दाराकडे पाहू लागला. दारात कोणी नव्हतं. पडदा तेवढा हलत होता, आई नुकतीच आत गेली होती.

घर पुन्हा शोधलं. थेंब नाही. कुलपं जागच्या जागी. मी स्वतःला सांगितलं, जुना वास असेल, घामातून निघत असेल. आज गाडी बोलवायला हवी होती. बोलावली नाही. शेजारी दाराशी बसले होते.

१० एप्रिल, गुरुवार

पंधरा तास झोपला. श्वास मोजला – मध्ये इतका थांबला की मीच त्याला हलवलं.

उठल्यावर स्वयंपाकघराच्या दारात अंग चोरून उभा. आईला वाट दिली. आई गेली, तरी भिंतीला टेकून तसाच. आणखी कोणाला तरी जाऊ द्यायचं असल्यासारखा.

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी दीडलाच दुकान बंद केलं, मागच्या दाराने आले. बाहेर ऊन रखरखतं, आत मिट्ट अंधार, चपला हातात. दोनचे टोल पडले.

पांढऱ्या लुगड्याचा पदर दिसला. चेहरा नाही. एक हात, हातात पेला. धीरजने लहान मुलासारखा आ केला होता. म्हणजे मलाही ती दिसते!

मग आवाज आला. "घे बाप्पा. गोळी घेतली न, आता औषध घे."

आई.

पेला हिसकावला, तोवर अर्धा रिकामा झाला होता. दारू. गुडघ्याच्या तेलाच्या बाटलीत ठेवलेली, सीताबाईकडून आणवलेली. सीताबाईने दुसऱ्या कोणाला नाही म्हटलं असतं, पण आईला कशी म्हणणार. मी ओरडले. आईला काही समजेना.

"तूच तं सांगतलं, ज्योत्स्ना. गोळी बी अन् औषध बी. मी एक दिवस चुकवला नाई."

तिच्या तोंडावर अभिमान होता. सोमवार ते शुक्रवार – रोज दोनच्या ठोक्याला, दोन्ही एकत्र, माझ्या सांगण्यावरून.

अंगणात उभी राहून दवाखान्याच्या गाडीसाठी फोन केला. पलीकडच्याने विचारलं काय झालं. "दारू प्यायला आहे, गोळ्यांवर," म्हटलं. गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

१२ एप्रिल, शनिवार. वर्धा, वॉर्डाबाहेर

वाचला.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, पांढऱ्या लुगड्याची बाई आईच निघाली, म्हणजे निदान आवाजांचा प्रश्न तरी मिटला. त्यांनी धीरजलाच विचारलं. तो पूर्ण शुद्धीत होता, हात स्थिर.

"नाई. औषध आई देते, ते मले मालूम आहे. ती बाई आईच्या मागं उभी राह्यते. ताई लिहायले बसली का ताईच्या मागं."

डॉक्टर म्हणाले, दोन आजार आहेत, दोन्हींवर इलाज एकदमच करावा लागेल.

सुपूर्द केलं : धीरज, वय ४७. गोळ्यांचं पाकीट. तेलाची बाटली, अर्धी भरलेली. नवा अर्ज – 'व्यसन : दारू, पाच वर्षे' – खाली माझी सही. आणि ही वही. पुढचं नर्सबाई लिहितील.