निरोगी गटातली बाई

पुणे,
११ जानेवारी २०२५

वहिनी,

नमस्कार. दादाचा खोकला कसा आहे? कारखान्याचं गाळप सुरू झालं की भवानीनगरात तो दर वर्षी खोकतोच, पण या वेळी फोनवर आवाज खोल गेल्यासारखा वाटला. त्याला वाफ घ्यायला लावा. तुम्ही दिलेली काकवी निम्मी संपली. सकाळी पोळीबरोबर तेवढंच खाते.

इकडे आवराआवर चालली आहे. मार्चअखेर मी निवृत्त होते. पस्तीस वर्षांचे कागद आहेत, आणि फ्रीजरमध्ये हजारो नळ्या, सगळ्या लोकांच्या रक्ताच्या. कुठल्या ठेवायच्या, कुठल्या टाकायच्या, याची यादी संस्थेनं मागितली आहे. तासभर बसले की मान धरते. सगळे म्हणतात, मॅडम, फार काम केलंत, आता विश्रांती घ्या. मी हो म्हणते. कामानं एवढा थकवा येत नाही, हे त्यांना काय सांगणार?

फोनवर तुम्ही आधी जेवलीस का विचारता, मग माझं बोलायचं राहतं. म्हणून लिहिते आहे.

२००६ साली वसाहतीतल्या शाळेत मी शिबिर घेतलं होतं, आठवतंय? संधिवात झालेल्या बायकांचं रक्त माझ्याकडे होतं. ताडून बघायला त्याच भागातल्या, त्याच वयाच्या धडधाकट बायका हव्या होत्या. कुणी पुढं येईना. भामाबाई तर दारातूनच म्हणाली, "रगात घिऊन इकत्यात म्हनं ही." तेव्हा तुम्ही पदर खोचून पुढं आलात. "माझी नणंद हाय ती. घे गं," म्हणालात. तुमच्यामागून अडतीस जणींनी रक्त दिलं. तुमच्या नळीवर मीच क्रमांक घातला. पहिले चाळीस आजारी बायकांचे होते, म्हणून एकेचाळीस.

संधिवात म्हणजे काय, ते मी तुम्हाला बऱ्याचदा सांगितलंय. शरीराच्या राखणीला असलेल्या पेशी घरच्यांनाच चोर समजतात आणि सांध्यांवर तुटून पडतात. असं होणार असेल तर रक्तात काही वर्षं आधी खूण दिसते, असा तेव्हा आमचा अंदाज होता. त्याच वर्षी मे महिन्यात एकेचाळीस नंबरमध्ये ती खूण दिसली. थोडीथोडकी नाही. मी तीनदा तपासलं.

नळ्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, आणि निकाल कुणालाही सांगायचा नाही असा नियम होता. त्या खुणेचा अर्थही अजून पक्का नव्हता. ही दोन्ही कारणं खरी आहेत. अठरा वर्षं मी ती स्वतःला सांगत आले.

पण २००९ सालच्या दिवाळीनंतर तुमचा फोन आला. "सकाळी वेणी घालताना बोटं वळत न्हाईत गं," म्हणालात. तेव्हा नियम आड येत नव्हता. बहिणीला सांगतात तसं सांगता आलं असतं, की उद्याच्या उद्या इकडे या. मी म्हणाले, "थंडीनं होत असेल वहिनी, शेकून बघा."

आणि फोन ठेवून मी रजिस्टर उघडलं. एकेचाळीस नंबरसमोर त्या दिवसाची तारीख लिहिली.

मला बघायचं होतं, वहिनी. आपला अंदाज बरोबर येतो का, ते बघायचं होतं. हे वाक्य मी आजवर मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं.

महिनाभरात सांगू, असं तेव्हा ठरवलं होतं. मग परदेशातली परिषद आली, मग नवा प्रकल्प. दोन वर्षं तुम्ही चिकुनगुन्या समजून काढलीत. २०११ मध्ये दादा तुम्हाला घेऊन आला तेव्हा बोटं वाकायला लागली होती. औषधानं पुढचं थांबलं. वाकलेली सरळ झाली नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत औषध सुरू झालं असतं, तर बहुधा वाकली नसती. हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवते.

दोन वर्षांनी माझा निबंध छापून आला. निरोगी गटातल्या चार बायकांच्या रक्तात आधीच खूण होती आणि त्यातल्या तिघींना पुढे आजार झाल्याचं दवाखान्याच्या नोंदींत दिसलं, असा. त्यावर मला पुरस्कार मिळाला. तुम्ही समारंभाला पहिल्या रांगेत होतात. टाळ्या वाजवत होतात आणि तुमच्या हातांचा आवाज होत नव्हता. त्या तिघींतली पहिली तुम्ही. बाकीच्या दोघींपर्यंतही मी जायला हवं होतं. गेले नाही.

आता तुमच्या लेकीचं, संस्कृतीचं. डिसेंबरात तुम्ही तिला घेऊन आलात, तिची बोटं मला दाखवलीत आणि स्वयंपाकघरात हळूच म्हणालात, "लग्न पार पडू दे. तवर पोरीला सांगू नगं, इंदापूरच्या पाव्हण्यांनाबी नगं." मी मान हलवली. हिमोग्लोबिन बघते, असं खोटं सांगून तिचं रक्त घेतलं. सव्वीस वर्षांची शिकलेली मुलगी ती, आणि मी पुन्हा तेच केलं.

निकाल आला आहे. तिला सुरुवात झाली आहे. पण अगदी सुरुवात आहे. आत्ता औषध घेतलं तर तिचे हात तुमच्यासारखे होण्याची भीती फार कमी. मात्र ते औषध चालू असताना दिवस राहून चालत नाही, म्हणून होणाऱ्या नवऱ्याला माहीत असणं भाग आहे. लग्न मेमध्ये आहे. तोवर थांबायचं नाही.

या वेळी मी गप्प बसणार नाही. तुम्ही आठवड्याभरात तिला सांगा. नाही सांगितलंत, तर मी सांगेन. माझ्याबद्दल काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा.

माफी मागायला शब्द शोधत होते. तुमच्यासमोर धरण्यासारखा एकही सापडला नाही.

तुमची,
यशोदा

* * *

भवानीनगर,
२५ जानेवारी २०२५

यशू,

तुझं पत्र किंक्रांतीला आलं. आधी मी वाचलं. मग संस्कृतीला बसवलं आन म्हटलं, मोठ्यानं वाच, मधी थांबू नगं. रजिस्टरपाशी थांबली. म्हणाली, आई, पुढं वाचू का? म्हटलं, वाच.

माझ्यानं पेन धरवत न्हाय, म्हणून हे तीच लिहितीया. मी बोलते तसंच लिही म्हटलंय.

दोन हजार सहाला तुला पक्कं ठावं नव्हतं, ते कळलं. नियमाचंबी कळलं. पण शेकून बघा म्हणालीस, ते न्हाय कळलं. मी दोन वर्षं शेकलं गं. वाळू तापवून शेकलं, रुईची पानं बांधली. कऱ्हाटीला माहेरी गेले तर आईनं भाकरी कालवून दिली, मला तुकडा मोडवत नव्हता. आन परत्येक फोनला तू इचारायचीस, आता कसं हाय वहिनी? मला वाटायचं, पोरीचा किती जीव हाय माझ्यावर.

तुझे दादा पत्र वाचून गोठ्याकडं गेले. तू फोन केलास तर घेतील का, मला सांगता येत न्हाय.

मीबी शहाणी न्हाय. पोरीपासनं लपवायला मीच सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाय.

रविवारी आमी इंदापूरला गेलो. संस्कृती म्हणाली, मीच सांगणार. पाव्हण्यांच्या सोप्यात बसून तिनं सगळं सांगितलं, औषधाचं, दिवस राहण्याचं. पोराचे वडील मानसिंगराव म्हणाले, "घरात बोलून कळवतो." पोरगा, ऋतिक, खाली बघत बसला. गुरुवारी फोन आला. न्हाय म्हणाले. वाईट बोलले न्हाईत, पण न्हाय म्हणाले.

ती आत जाऊन रडली. मी दारात उभी होते, आत जायचं धाडस झालं न्हाय. सांजच्याला भाईर आली आन म्हणाली, आत्याला कळव, आपण कवा येतोय ते.

तर सोमवारी, तीन तारखेला, सकाळच्या एस्टीनं येतोय. दवाखान्यातच भेट. राहायची सोय करू नगं, संध्याकाळी माघारी येऊ. औषध कसलं, किती दिवस, त्यानं काय होतंय, सगळं सांग. मला न्हाय, तिला सांग. आन ती इचारंल त्याला खरं उत्तर दे, कितीबी वंगाळ असलं तरी.

त्या दुसऱ्या दोघी कोण, ते हुडकून काढ. जित्या असतील तर त्यांच्या दारात जा. निवृत्त व्हायच्या आधी जा.

राजलक्ष्मी

आत्या, आई बोलली तसंच लिहिलंय, एक शब्द बदलला नाही. शेवटी "तुझी वहिनी" लिहू का, असं विचारलं. तिनं कागद घेऊन एकदा वाचला. मग म्हणाली, "आत्ता नगं."

संस्कृती