घर माझ्या एकटीच्या नावावर

प्रिय ठमे,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. घर एवढंसं आणि तुझ्या बाबांचे कान अजून तिखट. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी बाल्कनीतून "कुणाशी बोलतेस?" येतंच. आत्ता ते कोपऱ्यावर पाव आणायला गेलेत. वाटेत भेटेल त्याला मोडक्यातोडक्या परक्या भाषेत हवा कशी आहे ते सांगून मगच परत येतील. तेवढ्यात लिहून व्हायला हवं. आधी काय सांगू कळत नाही.

बाबा ठणठणीत आहेत. इथली कोरडी हवा त्यांच्या दम्याला फार मानवली, जिना एका दमात चढतात. नोकरी सुटली तरी आराखडे काढणाऱ्याच्या हातातली मोजपट्टी काही सुटत नाही. आल्या आल्या त्यांनी हे घर कानाकोपऱ्यांसकट मोजलं, ते दलालानं सांगितल्यापेक्षा लहान निघालं आणि स्वारी फुरंगटून बसली. सही करायच्या आधी मोजा, असं तू म्हणाली होतीस. बरंच काही म्हणाली होतीस. दलालानं दिलेला वकील दलालाचाच असतो, आपला वेगळा करा. परक्या देशात घर घेतलं म्हणजे राहायचा परवाना आपसूक हातात पडत नाही. तिथला कर वेगळा आणि आपल्याकडे कराच्या विवरणात ते घर दाखवावं लागतं ते वेगळं. यावर हे काय म्हणाले ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. "मला अक्कल शिकवायची असेल तर माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस." तूही त्यांचीच लेक, खरंच नाही ठेवलंस. मधल्यामध्ये माझी फरफट.

गंमत म्हणजे घर त्यांचं नाहीच. सगळा जन्म कंपनीच्या क्वार्टरमध्ये काढला, दर बदलीला मी भांडी बांधली. तेव्हा त्यांनी मला शब्द दिला होता, घेईन ते घर तुझ्या एकटीच्या नावावर. दलालानं दोनदा विचारलं, दोघांची नावं घालू ना? छाती पुढे काढून म्हणाले, हिचं एकटीचं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तेव्हापासून मी 'मालकीणबाई'. चहा हवा असला की मालकीणबाईंची परवानगी मागतात.

मग बऱ्याच खेट्यांनंतर राहायच्या परवान्याची कार्डं आली. माझ्यावर 'मालक' आणि त्यांच्यावर 'मालकावर अवलंबून'. तेव्हा पोट धरून हसलो. आता हसू येत नाही.

गेल्या महिन्यात मी आपली स्वतंत्र वकीलबाई गाठली. तुझंच ऐकलं बघ, उशिरा का होईना. बाबांना सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते. तिनं सगळं नीट उलगडून सांगितलं. मी नसेन तर त्यांचा परवाना संपतो, कारण तो माझ्या परवान्याला टांगलेला आहे. आपण गावी केलेलं मृत्युपत्र या घराला चालत नाही. इथल्या कायद्यानं मुलांचा वाटा आधी, म्हणजे घराचा मोठा हिस्सा तुझा. तू कितीही म्हणालीस, बाबा, राहा, तरी त्यांना पाहुण्यासारखं यायचं आणि मुदत संपली की निघायचं. निघून जायचं कुठे? तिकडचं होतं नव्हतं ते विकूनच तर हे घेतलं. आणि तिकडच्या दमट हवेत त्यांची छाती कशी वाजायची, ते तू ऐकलं आहेस.

वाट एकच आहे. अर्धं घर आत्ताच त्यांच्या नावावर भेट म्हणून करायचं, म्हणजे त्यांचा स्वतःचा परवाना होतो. कर भरावा लागेल, तो मी भरेन. पण त्यानं तुझा वाटा कमी होतो, म्हणून तुझी संमती लागते, तीही नोटरीसमोर, समक्ष. टपालानं चालत नाही, मी दोनदा विचारलं.

एवढी घाई कसली, असं तू विचारशीलच. ठमे, माझ्या दाताला काहीच झालेलं नाही. दाताचं निमित्त करून मी कितीदा तरी बाहेर पडले; एकदा वकीलबाई सोडली तर बाकी सगळ्या वेळा इस्पितळात जात होते. पोटात गाठ आहे, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. डॉक्टर धीर देतात, पण माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत. मला भीती वाटते गं, माझ्यासाठी आणि त्याहून यांच्यासाठी. यांना मी सांगणार आहे, पण तू इथे असताना. एकटीनं नाही जमायचं. तू ये. धाकट्या खोलीत त्यांनी परवा भिंत मोजून सुताराला पलंग सांगितला. कुणासाठी म्हटलं तर म्हणाले, आलं कुणी तर असावा. लांबी मात्र बरोब्बर तुझ्या उंचीची दिली आहे. सही नंतर करू. आधी बेल वाजव आणि दार उघडेपर्यंत थांब. मी आतल्या खोलीतून मुद्दाम उठणार नाही.

तुझीच, तूर्तास या घराची मालकीण,
आई