चाकाच्या दातावरचा शेंदूर

अण्णा, तुमच्या गाडीचं इंजिन मी उघडलं. तुम्ही गेल्यापासून पत्र्याच्या शेडखाली ती इतकी वर्षं उभी होती की टायरं मातीत रुतली होती. आपल्या प्लॉटच्या चारी बाजूंनी आता इमारती झाल्यात, शहराचं नावसुद्धा बदललं, नळाला मात्र अजून रोज पाणी येत नाही. आईनं हट्टच धरला होता, "मला एकदा त्यांच्याच गाडीत गावाकडं, पिशोरला ने." म्हणून दर रविवारी ओट्यापुढं गोणपाट अंथरून बसायला लागलो. सगळ्यात आधी टायमिंगच्या पट्ट्यावरचं झाकण काढलं आणि माझा हात तिथंच थांबला.

आतल्या वरच्या दातेरी चाकावर शेंदूर होता, दोन ठिकाणी. कंपनीनं ठोकलेल्या बारीक खुणेवर काडीनं ओढलेली एक रेघ आणि शेजारच्याच दातावर एक जाड, गोल ठिपका. पट्टा त्या ठिपक्याच्या हिशोबानं बसवलेला होता. खालचं चाक पिस्टनबरोबर फिरतं, वरचं व्हॉल्व्ह उघडतं आणि हा दातेरी पट्टा दोघांचा मेळ राखतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. एका दाताचा फरक पडला तरी गाडी चालते, पण दमेकऱ्यासारखी.

तो दुष्काळातला उन्हाळा तेव्हा डोळ्यांपुढं उभा राहिला. तुम्ही चितेगावच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला आहात. भंगारातून आणलेल्या या गाडीचं इंजिन अंगणात उघडं आहे. मारुतीला वाहून उरलेला, तेलात कालवलेला शेंदूर तुम्ही वाटीत घेतलाय. "रंग कशाला इकत आणायचा? देवाघरचं हाय की," असं म्हणत काडीनं खुणेवर रेघ ओढता. तेवढ्यात गल्लीत ओरडा होतो, "टँकर आला!" तुम्ही आणि मी ड्रम घेऊन पळतो. उघडं इंजिन सोडून जायचं कसं, म्हणून आई मागं थांबते. भांडून, भिजून आपण परत येतो, तर ती सांगते, "मी बी एक बोट लावलंय. एवढं पोट फाडून ठिवलंय, देवाचं नाव नको का घ्यायला?" तुम्ही हसता. "लाव की. आता पळंल बघ इमानावानी." दिवस मावळायला आलेला असतो. तुम्ही घाईनं ठळक दिसणारा ठिपका इंजिनावरच्या खुणेसमोर आणता, पट्टा चढवता, मारुतीचं नाव घेऊन पहिली फेरी हातानं फिरवता. कुठं काही अडत नाही. झाकण बसतं.

गाडी चालली, पण पिशोरच्या अलीकडचा चढ ती कधी एका दमात चढली नाही. डिकीत आजोबांसाठी पाण्याचे कॅन असायचे. चढ आला की तुम्ही म्हणायचात, "उतरा," आणि आम्ही सगळे उतरून ढकलायचो. एकदा मामा म्हणाला, "दाजी, आम्हाला बसायला आणलं का ढकलायला?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. मेकॅनिकला दाखवा म्हटलं की मात्र तुमचा चेहरा बदलायचा. एक दिवस तुम्ही सगळे पाने शेजाऱ्याला देऊन टाकलेत. मी विचारलं तर एवढंच म्हणालात, "माझ्या हाताला यश नाय." त्यानंतर कुणाच्या स्कूटरचा साधा प्लगसुद्धा तुम्ही काढला नाहीत. देवापुढं हात जोडून उभे असलात, तरी तुमची नजर त्या हातांवरच खिळलेली असायची, असं मला वाटायचं. माझा भासही असेल.

इंजिन जोडताना मी नवा पट्टा तुमच्या रेघेला धरून बसवला. पहिली फेरी हातानं दिली, तुम्ही घ्यायचात तेच नाव घेतलं. रेघ तुमचीच होती, अण्णा, आणि ती बरोबर होती. ठिपका पुसायला फडकं उचललं, तर त्यात बोटाच्या रेषा अजून दिसत होत्या. तो तसाच ठेवून झाकण लावलं.

गेल्या आठवड्यात आईला घेऊन निघालो. तो चढ आला तशी तिनं सवयीनं दाराच्या कडीला हात घातला. गाडी थांबली नाही. आवाजही बदलला नाही. वर पोचल्यावर तिनं हळूच हात मांडीवर घेतला.

"काय चुकलं व्हतं रे हिचं?"

"पट्टा जुना झाला होता, आई."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "त्यांच्या हातालाच यश नव्हतं, बघ. मी एवढा देव लावला, तरी बी नाय."

खरं सांगितलं असतं तर तुमचे हात मोकळे झाले असते आणि तिचं बोट अडकलं असतं. रोज सकाळी ती त्याच बोटानं देवाला गंध लावते. हे पत्र मी कुठंही ठेवणार नाही, तिला वाचता येतं. तेव्हा मी फक्त गिअर बदलला, अण्णा.